कवळीवाल्यांची डॉक्टरकी

आमच्या परसात सात कोंबड्या आहेत आणि आमचे हे शेजारून अंडी घेऊन आले. दोन अंडी, हातरुमालात गुंडाळून, जिना चढताना धाप लागल्यासारखी हळू पावलं टाकत. आमच्या घराला जिना नाही.

"पलीकडच्या बाईंनी दिली," म्हणाले.

"कशाबद्दल?"

"अशीच."

अशीच कोणी कोणाला अंडी देत नाही. आणि दिली तरी ज्याच्या घरात कोंबड्यांचा कलकलाट चालू आहे त्याला तर मुळीच देत नाही. मी ती अंडी ओट्याच्या कोपऱ्यात सरकवली आणि घरच्या अंड्यांचं कालवण केलं. ह्यांनी दोन वेळा कोपऱ्याकडे बघितलं, पण विचारायची हिंमत झाली नाही.

पलीकडे म्हणजे आमच्या परसाच्या भिंतीला लागून जे बुटकं घर आहे, तिथे. पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसणारी एक बाई तिथे भाड्यानं राहायला आली होती. वयानं माझ्याहून लहान, पण फार लहान नाही, आणि हेच मला जास्त टोचायचं. अगदीच पोरगी असती तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, मुलीसारखी आहे. नवरा कुठे होता ते तिनं मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि ह्यांनी विचारलं असेल तर ते माझ्यापर्यंत आलं नाही. आल्या आल्या तिनं बाजारातून तीन कोंबड्या आणल्या आणि त्यातल्या एकीचं नाव ठेवलं चिमणी. कोंबडीचं नाव चिमणी! ही बाई काय लायकीची कोंबड्या पाळणारी आहे ते मला तिथेच कळलं.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगते. हे कवळ्या बनवतात. पुढच्या खोलीत खिडकीपाशी ह्यांचं बाक आहे. त्यावर प्लास्टरचे साचे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, घासायचं चाक, आणि कपाळाला बांधायचा दिवा. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, हे कवळी करून देतात. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू ह्यांच्या हातचं आहे. आयुष्य लोकांच्या तोंडात गेलं, पण स्वतःचं तोंड उघडतील तर शपथ. सकाळी चहा, दुपारी "वाढ", रात्री "झोपतो". लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांची सगळी वाक्यं एका पोस्टकार्डावर मावतील.

मग बोलायचं कोणी? मी. आणि मी काय बोलणार? ज्यात माझा जीव आहे ते. कोंबड्या. रोज रात्री जेवताना मी ह्यांना सांगायचे, आज लंगडीनं दाण्याला तोंड लावलं नाही, आज काळीच्या तोंडाला वास येतोय, आज कोपऱ्यावरची आली होती तिची कोंबडी घेऊन. कारण गल्लीत कोणाची कोंबडी मलूल झाली की ती टोपलीत घालून माझ्याकडेच आणतात. मला त्यातलं कळतं. कोणी शिकवलं नाही, हातानं शिकले. सकाळी खुराडं उघडायच्या आधी, दाणा टाकायच्या आधी, मी एकेकीला उचलते आणि गळ्याखालची पिशवी चाचपते. कोंबडीनं दिवसभर टिपलेलं आधी तिथे साठतं आणि रात्रीतून खाली उतरतं. सकाळी ती पिशवी सपाट लागली पाहिजे. नाही लागली तर काहीतरी अडलंय. मग चोच उघडून उजेडाकडे धरायची. हे सगळं मी ह्यांना किती वेळा सांगितलं असेल! आणि हे काय करायचे? भात कालवायचे. कधी मान हलवायचे, ती माझ्यासाठी की आमटीसाठी ते देव जाणे. पुष्कळदा माझं वाक्य अर्धं असतानाच हात धुवायला उठायचे. मी उरलेलं वाक्य ताटाला ऐकवायचे.

अशा माणसाला मी एका सकाळी भिंतीपलीकडे बघितलं.

भिंत माझ्या कपाळापर्यंत येते. मी कपडे वाळत घालत होते आणि पलीकडून ह्यांचा आवाज आला. आधी वाटलं भास झाला. पण आवाज थांबेचना. सलग! वाक्यामागून वाक्य! शब्द कळत नव्हते, सूर कळत होता, आणि तो सूर मला ओळखीचा नव्हता. मी पत्र्याची बादली पालथी घातली, तिच्यावर चढले आणि बघितलं. हे तिच्या परसात उकिडवे बसले होते. कपाळाला दिवा. समोर ती, मांडीत चिमणी. ह्यांनी दोन बोटांनी चोच उघडली होती आणि आत डोकावत काहीतरी समजावून सांगत होते. माझी दाढ गेल्या थंडीत ठणकत होती तेव्हा ह्याच माणसानं मला म्हटलं होतं, "डॉक्टरला दाखव." दिवा काही लावला नव्हता.

मग ती हसली. मान मागे टाकून, मनापासून, भरपूर. आणि हे सुद्धा हसले.

माझ्या पायाखालची बादली सरकली. पडले नाही, पण आवाज झाला. मी तिथेच खाली बसून राहिले, ओला टॉवेल डोक्यावर आला होता तरी. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती मस्तकात जाऊन तिथेच राहायला आली.

त्या रात्री मी विचारलं, "पलीकडे काय काम होतं?"

"कोंबडीला बरं नव्हतं तिच्या."

"मग मला का नाही बोलावलं?"

"तू कामात होतीस."

"आणि तुम्हाला काय कळतं कोंबडीतलं?"

ह्यांनी घास घेतला. संपलं.

मग ते रोजचंच झालं. ती पोस्टात जायच्या आधी हे तिकडे. निघताना धुतलेला शर्ट. चष्म्याच्या काचा पुसलेल्या. बाकावर दोन कवळ्या अर्ध्या राहिलेल्या, माणसं बिनदातांची वाट बघताहेत, आणि कवळीवाले निघाले डॉक्टरकी करायला. ती ह्यांना "सर" म्हणायची. तेवढं मात्र भिंतीवरून स्पष्ट ऐकू यायचं. "सर, इकडे बघा ना." "सर, आज बरी वाटते का हो?" सर! माझ्या तोंडून ह्यांना असा मान कधी मिळाला नव्हता हे खरं, पण मी ह्यांचे मोजे धुते, मला सर म्हणणं जमत नाही.

मी जळत होते. हे लपवण्यात अर्थ नाही. मी भांडी आपटली, दारं आपटली, एकदा तर खुराड्याचं दार इतकं आपटलं की बिचाऱ्या काळीनं त्या दिवशी अंडंच दिलं नाही. मला त्या बाईच्या हसण्याचा राग होता, पण त्याहून जास्त ह्यांच्या बोलण्याचा. हसणारं माणूस कुठेही हसतं. पण हे बोलत होते! इतकी वर्षं मला वाटत होतं की ह्यांच्याकडे शब्दच नाहीत, देवानं कमी दिलेत, काय करणार. आणि आता कळत होतं की शब्द होते, साठवलेले होते, फक्त माझ्यावर खर्च करायचे नव्हते.

मी बादलीवर चढणं सोडलं नाही. आणि चढल्यावर मला एक दिसत होतं, की चिमणी बरी होत नव्हती. उलट खंगत चालली होती. उभी राहायची ती मान आत ओढून, पिसं फुलवून. गळ्याखाली फुगवटा, चालली की लटलट हलायचा. ह्यांनी तिला तेल पाजलेलं, तो फुगवटा बोटांनी चोळलेला, हे मी बघितलं. पोस्टातली बाई बशीतून काहीतरी मऊ मऊ भरवत होती. मला इथून, भिंतीवरून, बादलीच्या उंचीवरून कळत होतं की हे चुकतंय. मी ओरडून सांगू शकले असते. पण मला कोणी विचारलं होतं? मी कपडे वाळत घातले आणि घरात गेले. मनात म्हटलं, होऊ दे फजिती. बघू दे त्या बाईला आपल्या सरांची डॉक्टरकी.

सुट्टीचा दिवस होता. मी तांदूळ निवडत होते. मागच्या दारातून हे आत आले. कपाळावरचा दिवा भर उजेडात चालू होता आणि धुतलेल्या शर्टावर पुढे सगळीकडे काहीतरी पांढुरकं सांडलेलं होतं. आंबलेल्या पिठाचा वास आला.

"जरा येतेस?" म्हणाले.

"कुठे?"

"पलीकडे. चिमणीला श्वास घेता येत नाहीये."

मी तांदळातला एक खडा काढला. सावकाश बाजूला ठेवला. "मी कशाला? तुम्ही आहात ना."

हे तिथेच उभे राहिले. चेहरा उतरलेला, हात पुढे धरलेले, जणू ते कुठे पुसावेत ते कळत नाहीये. आणि मग म्हणाले, "माझं काहीतरी चुकलंय."

हे वाक्य मी ह्या माणसाच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. मला वाटलं होतं असं काही ऐकलं तर मी नाचेन. थोडं बरं वाटलंच, खोटं का बोलू. अजून थोडा वेळ ह्यांना तसंच उभं ठेवावं असंही वाटलं. पण कोंबडीनं माझं काय घोडं मारलं होतं? तिनं काही ह्यांना बोलावलं नव्हतं. मी ताट सरकवलं आणि उठले.

पोस्टातली बाई परसात जमिनीवर बसली होती, केस सुटलेले, रडून नाक लाल झालेलं. मांडीत चिमणी, मान लुळी, चोच उघडी, घशातून घरघर.

"काय केलंत?" मी विचारलं. "पटकन सांगा!"

"उलटी धरली," हे म्हणाले. "आतलं बाहेर यावं म्हणून. पाय वर करून पिशवी दाबली."

मला वाटलं ह्यांना एक ठेवून द्यावी. उलटी धरून दाबली की पिशवीतलं आंबलेलं पाणी घशात येतं आणि तिथून श्वासनळीत जातं. कोंबडी जागच्या जागी गुदमरते. मी चिमणी हिसकावून घेतली, पंख अंगाशी धरून सरळ उभी काखेत घेतली, मान थोडी पुढे आणि खाली केली, म्हणजे जे आहे ते ओघळून बाहेर येईल. तोंडातून पांढरट पाणी गळालं. बोटाला फडकं गुंडाळून मी तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. पिशवीला हात लावला नाही. फक्त घरघर. मग एकदा तिनं मान झटकली, शिंकल्यासारखं केलं, माझ्या पदरावर सगळं उडवलं, आणि श्वास मोकळा झाला.

"आता हिला दाबायचं नाही, पाजायचं नाही, भरवायचं नाही," मी म्हटलं. "दिवा इकडे धरा."

ह्यांनी कपाळावरचा दिवा खाली केला. मी चोच उघडली. जिभेच्या बाजूला आणि टाळूवर पांढरे थर होते, दुधावर साय धरते तसे. एका जागी थर नव्हता, तिथे लाल कच्चं मांस दिसत होतं आणि रक्त सुकलेलं.

"हे कोणी खरवडलं?"

हे म्हणाले, "मी. मेणाच्या चाकूनं. मला वाटलं खाल्लेलं चिकटलंय." कवळीवर जादा मेण चढलं की हे तसंच खरवडतात.

"हे चिकटलेलं नाही, ही बुरशी आहे. हिला खरवडलं की खालची कातडी निघते. थर पिवळा असता, गोळ्या गोळ्यांचा, आणि वास कुजका असता, तर दुखणं वेगळं आणि औषध वेगळं. हा वास बघा, आंबलेल्या पिठाचा. तोंडात आहे तीच खाली पिशवीत आहे. पिशवी हाताला कशी लागते? पाण्याच्या फुग्यासारखी. खायला काय देत होतात?"

"पाव," ती बाई हुंदका गिळत म्हणाली. "दुधात भिजवून. थोडी साखर घालून. सर म्हणाले होते मऊ द्या."

साखर! बुरशीला ह्याहून मोठी मेजवानी नसेल. ते तेल, ते चोळणं, ते मऊ खाणं, हे सगळं ज्या कोंबडीच्या पिशवीत लांब गवत अडकून दगड झालाय तिचे उपाय. ह्या बिचारीचं दुखणं बरोबर उलटं. मी बाईला म्हटलं, जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर सुट्टीलाही सापडतात, त्यांना तोंड कसं दिसतंय ते सांगा आणि बुरशीचं औषध घेऊन या. तोवर मी हिला धरून बसते. आजचा दिवस फक्त पाणी, तेही ताजं, आणि ते पाण्याचं भांडं आतून शेवाळलंय, ते आधी घासा. हे निमूटपणे भांडं घासायला बसले.

ती औषध घेऊन आली, आम्ही थेंबाथेंबानं तोंडाच्या कडेनं दिलं, चिमणीनं डोळे मिटले, आणि मग कुठे त्या बाईचा जीव भांड्यात पडला. हे हात धुवायला आत गेले होते. ती माझ्याजवळ सरकून बसली आणि म्हणाली, "वहिनी, सरांवर रागावू नका हं. त्यांनी मला किती शिकवलं! मला तर कोंबडी कशी धरायची तेही येत नव्हतं."

"काय शिकवलं?" मी विचारलं. सहज विचारल्यासारखं.

"सगळं. सकाळी दाणा टाकायच्या आधी पिशवी चाचपायची. महिन्याअखेरच्या पाकिटासारखी सपाट लागली तर कोंबडी बरी."

माझा हात चिमणीच्या पाठीवर थांबला. महिन्याअखेरचं पाकीट. हे माझं होतं. मी कधीतरी जेवताना म्हटलं होतं, ह्यांना टोमणा म्हणून.

"आणि तोंडाचं तर काय सुंदर सांगतात," ती डोळे पुसत पुसत हसायला लागली. "म्हणतात, कोंबडी म्हणजे नवरा. आत कितीही बिनसलं तरी स्वतःहून सांगणार नाही. आपणच धरून तोंड उघडायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इतकी हसले! स्वतःवर असा विनोद करणारा माणूस मी बघितला नाही."

ते हसणं मी बादलीवरून ऐकलं होतं. ज्या हसण्यानं माझी झोप गेली होती ते माझ्या वाक्याला होतं. तेच वाक्य मी ह्यांच्या तोंडावर, भाताचं पातेलं हातात घेऊन, दहादा म्हटलं असेल आणि ह्यांची मिशीसुद्धा हलली नव्हती.

हे माझं आहे, असं ओठांपर्यंत आलं होतं. पण रडून सुजलेल्या त्या तोंडाला सांगून मला काय मिळणार होतं? हिशेब घरी होता.

घरी आल्यावर हे शर्ट धुवायला बसले. मी दारात उभी राहिले.

"महिन्याअखेरचं पाकीट," मी म्हटलं.

ह्यांचा साबण थांबला.

"कोंबडी म्हणजे नवरा. दोन अंडी मिळाली त्यावर. माझ्या जिवावर अंडी मिळवलीत आणि माझं नावही सांगितलं नाहीत. मला वाटायचं तुम्हाला ऐकूच जात नाही!"

"जातं की," हे म्हणाले. "पाठ झालंय."

"पाठ? अर्धं पाठ झालंय! उलटी धरून दाबतात, हे ऐकलंत, आणि असं कधीही करू नये, हे ऐकायच्या आत हात धुवायला उठलात. त्या अर्ध्या वाक्यानं आज जीव गेला असता."

हे बाही पिळत बसले. मी म्हटलं, आता मात्र ऐकायचंच. "तिच्यापाशी धबधबा, आणि माझ्यापाशी मुके. का?"

बराच वेळ बाही पिळली. तिच्यात पाणी उरलं नव्हतं. मग खाली बघत म्हणाले, "तुझ्यापाशी काय बोलू? मी काही म्हटलं की तू म्हणतेस तसं नाही, असं. आणि ते असंच असतं, तुझंच बरोबर असतं. कवळीचं बोलावं तर तुला त्याची घाण वाटते. तिथे मी बोललो की ती बाई म्हणायची, अरे वा."

मी भांडायला उभी राहिले होते, कंबर कसून. पण तसं नाही, असं मला म्हणता येईना. तसंच होतं.

"आवडत होतं तर निदान त्या वेळी हसायचं," मी म्हटलं. आवाज मला हवा होता तितका चढला नाही.

"जेवत होतो," हे म्हणाले.

चिमणी सावरली. आधी पाणी, मग चिमूटभर कोरडं खाणं, मग बेताचं दही. पिशवी हळूहळू उतरली, तोंडातले थर विरले, खरवडलेली जागा भरली. मी रोज सकाळी भिंतीच्या टोकाच्या फाटकातून पलीकडे जायचे, हेही मागून यायचे, दिवा धरायला. तोंडातून शब्द नाही. सवयीनं ती विचारायची, "सर, आज कशी आहे?" आणि हे माझ्याकडे बघायचे. मी सांगायचे. मी जिंकत होते आणि मला ते दिसत होतं.

मग एके दिवशी चिमणीनं पिसं झटकली, दुसऱ्या कोंबडीला टोचून हाकललं आणि तिचा दाणा खाल्ला. त्या बाईनं टाळ्या वाजवल्या. आणि माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, आता मी सरळ तुम्हालाच विचारत जाईन. सरांना उगीच मध्ये कशाला त्रास?"

मला हेच हवं होतं. ह्यासाठीच मी बादलीवर चढले होते, भांडी आपटली होती, रात्री कुशीवर कुशी बदलल्या होत्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "हो, ते बरं." आणि कपाळावरचा दिवा विझवला, पट्टा सोडला, गुंडाळला आणि खिशात घातला. खिसा लहान होता. दिवा आत जाईना. हे तो नुसता ढकलत राहिले.

मला राग होता अजून, गेला नव्हता. ह्या बाईच्या परसात ह्यांनी उकिडवं बसावं हे मला आजही सहन होत नव्हतं. पण घरी जाऊन हे चहा, वाढ आणि झोपतो, एवढ्यावर परत येणार हेही मला दिसत होतं, आणि ते तर मला आता मुळीच सहन होणार नव्हतं.

"मला कुठे वेळ असतो?" मी म्हटलं. "ह्यांनाच विचारा. त्यांना नाही कळलं तर ते मला विचारतील."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे. हुशार बाई आहे, हसली नाही. "बरं," म्हणाली.

घरी परतताना फाटकापाशी मी ह्यांना म्हटलं, "विनोद मात्र तिकडे न्यायचे नाहीत. औषधं न्या, विनोद घरात राहतील." हे मान हलवून पुढे गेले. ह्या वेळी आमटी नव्हती, तेव्हा ती मान माझ्यासाठीच होती.

त्याच रात्री जेवायला बसल्यावर ह्यांनी पहिला घास खाल्ला, दुसरा हातात धरला आणि म्हणाले, "तिची ती पांढरी कोंबडी सारखी मान ताणते. जांभई दिल्यासारखी. काय असेल?"

मी वाढता वाढता थांबले. प्रश्न होता. ह्यांनी मला प्रश्न विचारला होता, आणि घास तोंडात न घालता उत्तराची वाट बघत होते. मी खाली बसले आणि सांगायला लागले. खाल्ल्यावर एकदोनदा ताणली तर दाणा खाली सरकवते, त्यात काही नाही. दिवसभर ताणत असेल आणि सोबत घरघर असेल तर आधी पिशवी, मग तोंड, आणि तिथे काही दिसलं नाही तर डॉक्टर, उशीर करायचा नाही. हे ऐकत होते. ताटातला भात गार होत होता. हात धुवायला उठले नाहीत. मी कोंबडीला धोका होणार नाही इतकं सगळं सांगितलं, पण थोडंसं राखून ठेवलं, म्हणजे उद्या पुन्हा मलाच विचारावं लागेल.